सात फोन आणि मोटरीतली बाई

"मोटर बंद करा. अवो, मोटर बंद करा म्हणते! कान काय घरी खुंटीला टांगून आलाय?"

ही माझी बायको. कांद्याच्या वाफ्यांपाशी उभी राहून ओरडत होती. मी उसाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली, मांडीवर खोरं आडवं टाकून बसलो होतो.

तिचा आवाज मुळात लहान नाही. एकदा तिनं शेळगावातून म्हशीला हाक मारली, तर बारामतीच्या डेपोतून सुटलेली एसटी वाटेत थांबली आणि ड्रायव्हरनं खाली उतरून 'कोण हाय' म्हणून विचारलं, असं मी पाव्हण्यारावळ्यांत सांगत असतो. त्यातलं निम्मं तरी खरं धरा. पण त्या सकाळी तो आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये कुठल्याशा परदेशातला एक माणूस पाण्याच्या फवाऱ्यानं गालिचा धूत होता.

तो गालिचाही साधा नव्हता. पन्नास वर्षं म्हशीखाली अंथरला असावा इतका मळलेला. त्या मळातून हळूहळू एक लाल फूल वर येत होतं. एक कोपरा तेवढा राहिला होता. अशा वेळी माणसानं उठायचं कसं? पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता, तो मला गालिच्यावरचाच वाटला. आवाज काय झकास घेतलाय, असं मी मनात म्हणालोसुद्धा. माझी चप्पल तरंगत निघाली तेव्हा कळलं की पाणी परदेशातलं नाही, आमच्याच विहिरीतलं आहे.

मी तिथं उसाला दारं धरायला बसलो होतो. ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. एक सरी, म्हणजे उसाच्या दोन ओळींमधला चर, पाण्यानं भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. काम अवघड नाही. फक्त पाण्याकडं बघत बसावं लागतं. आणि मी गेली दोन वर्षं पाणी सोडून बाकी सगळ्याकडं बघत होतो.

सरी तुडुंब भरली, बांध फुटला आणि पाणी उतारानं थेट बायकोच्या चार वाफ्यांत घुसलं. उजनीचं धरण आमच्या रानात रिकामं झाल्यासारखं दिसत होतं. त्या वाफ्यांत तिनं आठ दिवसांपूर्वी कांद्याचं बी टाकलं होतं, तेही घरचं. आदल्या वर्षीच्या ढिगातून एकेक गोल, घट्ट कांदा निवडून तिनं तो पुन्हा लावला, त्याला गोंडे येऊ दिले, गोंडे वाळवले, चोळले, पाखडले आणि त्यातून हे काळं बी काढलं. दुकानातलं बी तिला पटत नाही. या बियांना हात लावायची मला परवानगी नव्हती. लग्नात मंगळसूत्राला मी हात लावला तेव्हासुद्धा ती इतकी काळजीत दिसली नव्हती.

मी मोटर बंद करायला गेलो. म्हणजे उठलो नाही, फोनवरूनच गेलो. आमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं. लाईट आली की ती पेटी आपल्याला फोन करते आणि आतून एक रेकॉर्ड केलेली बाई अतिशय गोड आवाजात म्हणते, तीन फेज आले आहेत, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा. घाईत माझा अंगठा घसरला आणि मोटर बंद व्हायच्या ऐवजी पुढचा व्हिडिओ चालू झाला. त्यात दुसरी एक बाई हसत हसत लसणाची चटणी कुटायला लागली.

तोवर माझी बायको, जिचा उजवा गुडघा दुखतो, विहिरीपर्यंत पळत जाऊन हातानं बटण दाबून आली.

माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"सात येळा फोन केला. सातबी कापलं तुमी."

"अगं, व्हिडिओ चालू हुता, मधी मधी फोन आला की थांबतो त्यो."

"त्या मोटरीतल्या बाईचा फोन आला की जेवत्या ताटावरनं उठून पयल्या रिंगला उचलता. माझा एकबी न्हाय."

"ती लाईट आल्याचं सांगती गं."

"मग तिलाच म्हणा भाकरी थाप."

एवढंच बोलली. तीस वर्षांच्या संसारात मी तिची भांडणं फार पाहिली आहेत, दुपारी लागून दिवाबत्तीपर्यंत चाललेली, एकदा तर मधे पाऊस येऊन गेला तरी न थांबलेली. त्या भांडणांना मी कधी घाबरलो नाही. या दोन वाक्यांना घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगण झाडलं, धार काढली, आमटी करून झाकून ठेवली आणि वरकुट्याहून आलेल्या भावाच्या मोटरसायकलवर मागं बसली. जाताना फळीवरची एक काचेची बाटली तिनं पिशवीत टाकली. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. कारण सांगायला लाज वाटते. मी फोन बघत होतो.

आता माझ्या या नादाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. लोक दारूचं व्यसन लपवतात, मी याचं लपवत नव्हतो, उलट मिरवत होतो. पंजाबातल्या कुठल्या ट्रॅक्टरनं कुठल्या ट्रॅक्टरला किती ओढलं, राजस्थानातल्या एका गड्याकडं किती शेळ्या आहेत आणि त्यातली कुठली लंगडते, हे मला तोंडपाठ होतं. खाली लोक लिहितात तिथं मी गुळाच्या रंगावरून एका अनोळखी माणसाशी अकरा दिवस भांडलो होतो. अंतरसुद्धा मी व्हिडिओत मोजायचो. शेळगाव ते वरकुटे किती, तर दोन मोठे आणि पाच बारके. अंगठा इतका सवयीचा झाला होता की ताटातली भाकरीसुद्धा मी खालून वर सरकवायचो, पुढची दिसेल म्हणून.

बायको गेल्यावर मी काय केलं? जे करायची सवय होती तेच. फोनमध्ये शोधलं. 'रुसलेल्या बायकोला मनवण्याचे अकरा उपाय' असा एक व्हिडिओ सापडला. तो मी स्वतःसाठी जपून ठेवायला गेलो आणि तो गेला सासरवाडीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर माझा सासरा आहे, मेहुणा आहे, सगळ्या आत्या, मावश्या, त्यांचे जावई आणि सासऱ्यांचा जनावरांचा डॉक्टरसुद्धा आहे. पुसून टाकेपर्यंत अर्ध्या वरकुट्यानं तो पाहिला होता. पहिलं उत्तर आलं जनावरांच्या डॉक्टरचं: "दाजी, चौथा उपाय करून बघा." चौथा उपाय म्हणजे बायकोचे पाय चेपणं.

तरी तिसऱ्या दिवशी मी आणायला गेलो. आमच्याकडं ही रीत आहे. रुसून माहेरी गेलेल्या बाईला आणायला नवऱ्यानं स्वतः जायचं, आणि जावई दारात आला की त्याला काय वाढलं जातं यावरून निकाल कळतो. बोलून कुणी काही सांगत नाही. मटण असेल तर बायको संध्याकाळी तुमच्या मागं गाडीवर बसलेली असते. अंडी असतील तर अजून दोन-तीन चकरा. माझ्यासमोर ताट आलं, त्यात शेपूची भाजी होती. मी वरकुट्याचा जावई झाल्यापासून त्या घरात मला शेपू कुणी दाखवलासुद्धा नव्हता.

सासरे समोर बसले होते. शांत माणूस, डोक्याला फेटा, बोलणं मोजकं.

"पाव्हणं, हितं नेटवर्क न्हाय चांगलं. तुमची पंचाईत हुईल," ते म्हणाले.

"न्हाय मामा, फोन खिशातच हाय."

"व्हय, ते दिसतंय की. खिसा उजेड पाडतोय."

खरंच पाडत होता. मी तो वरून हातानं झाकला.

मग ते आत बघून म्हणाले, "तिची भाकरी दुधात कुस्करून द्या गं. डाव्या बाजूनं चावता येत न्हाय अजून तिला."

"का, काय झालं?" मी विचारलं.

घरातली सगळी माणसं चावायची थांबली. गोठ्यातल्या बैलानंसुद्धा रवंथ थांबवला असं मला वाटलं, पण त्याची शपथ घेणार नाही.

"दाढ काढलीया न्हवं तिची," सासरे म्हणाले. "बारामतीच्या दवाखान्यात. तीन आठवडं झालं."

तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत रोज दोन वेळा ती माझ्यासमोर जेवायला बसली होती. शेजारच्या काकूंना बरोबर घेऊन ती बारामतीला गेली, एसटीनं परत आली, तोंडात बोळा धरून तिनं माझ्यासाठी भाकरी केल्या, आणि मी राजस्थानातली लंगडी शेळी बघत होतो. मी आयुष्यात भरपूर थापा मारल्या आहेत, पुढंही मारीन. ही गोष्ट मात्र मला वाढवून सांगता येत नाही. ती आहे तेवढीच पुरेशी मोठी आहे.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यापुढं ठेवला. मी हळूच म्हटलं, "येतीस का?"

"कशाला? मोटरीतली बाई हाय की."

"किती दिवस राहणार?"

"ते मी काय सांगू. हितं मला हाक मारली की माणसं वळून तरी बघत्यात."

मी एकटाच परत निघालो. गावाबाहेर चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "पाव्हणं, चवथा केला का?" मी गाडी न थांबवता पुढं काढली.

घरी आलो आणि फोन ज्वारीच्या पिंपात पुरला. पिंप पत्र्याचं, कमरेएवढं. ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवला आणि वरून झाकण लावून त्यावर पाटा ठेवला. पहिले दोन दिवस माझे जे हाल झाले ते सांगून पटणार नाहीत. अंगठा आपोआप हलायचा. म्हैस माझ्याकडं बघत होती तर मी तिला अंगठ्यानं वर सरकवायला गेलो. तिनं शेपटी मारली. जेवताना भिंतीकडं बघायचो, मग कळलं की भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे आणि त्यात बायको हसतेय. इतकी वर्षं तो तिथंच होता. माझा फेटाही त्यात अजून सुटलेला नव्हता, म्हणजे फोटोतला मी आताच्या माझ्यापेक्षा नीटनेटका होता.

आणि दुसरी पंचाईत. मोटर. स्टार्टरला नंबर माझाच. त्या आठवड्यात आमच्या भागाला लाईट दिवसाची होती. रोज सकाळी ज्वारीतून घंटी वाजायची. मी पाटा उतरवायचा, झाकण काढायचं, दोन्ही हात घालून ज्वारी उपसायची, तोवर मोटरीतली बाई दमून फोन ठेवायची. एकदा हाताला फोन लागला आणि ज्वारीच्या दाण्यानंच एक दाबला गेला. मोटर सुरू झाली, आणि मी पिंपात मुंडकं घालून उभा. मग मी फोनचा नादच सोडला आणि चालत विहिरीवर जायला लागलो. वाटेत रान दिसायला लागलं. बांधावर सीताफळाला फळं धरलेली होती. शेजारच्या तात्यांनी नवी गाय आणलेली होती. मी म्हणालो, "तात्या, गाय कवा आणली?" ते म्हणाले, "दोन येळा व्याली ती हितं. तुमी कुठं परगावी हुता का?"

असं किती दिवस चालणार? पाचव्या दिवशी ज्वारीतून फोन काढला, पिशवीत बंद करून बारामतीला गेलो. आमची मुलगी तिथं कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते. तिला म्हटलं, मला बटणाचा साधा फोन घेऊन दे, ज्यात बोलण्याशिवाय काही येत नाही असा. दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "आजोबांसाठी पायजे का?" मुलगी म्हणाली, "न्हाय, पेशंटसाठी."

स्टँडसमोर आम्ही चहा घेत होतो. ती माझा जुना फोन चाळत होती. चाळता चाळता थांबली.

"पप्पा, हे त्या दिवशीचे आईचे कॉल. सातही कापलेत."

"माहितीय. पाणी फुटलं म्हणून करत हुती."

"पहिला नऊ पाचचा आहे. पाणी किती वाजता फुटलं?"

मी आठवायला लागलो. नऊच्या ठोक्याला मी नवी सरी धरली होती. आमची एक सरी भरायला अर्धा तास घेते, त्यात पाऊण तासाचा गालिचा मावत नाही म्हणून तर घोटाळा झाला. म्हणजे बांध फुटला साडेनऊच्या पुढं. नऊ पाचला पाणी शहाण्या मुलासारखं सरीत चाललं होतं.

"शेवटचा नऊ चाळीसचा," मुलगी म्हणाली. "तो पाण्यासाठी असेल. आधीचे सहा कशासाठी होते?"

त्या सहा फोनांनी मला बारामतीपासून घरापर्यंत सोबत केली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला, स्टार्टरला नवा नंबर टाकायला. पेटी उघडून म्हणाला, "सांगा नंबर."

इथं मी ज्या चुकीबद्दल पुढं फार शाबासकी मिळवली ती चूक झाली. नवा फोन घरी चार्जिंगला होता. नव्या सिमचा नंबर मला कुठून पाठ असणार? गेल्या कित्येक वर्षांत मी एकही नंबर पाठ केला नव्हता, सगळं त्या फोनच्या पोटात होतं. वायरमनला पुढं आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. तो म्हणाला, "अवो कुठलातरी सांगा घरातला, लाईट जायच्या आत." मी तोंड उघडलं आणि एक नंबर आपोआप बाहेर पडला. बायकोचा. तिला पहिला फोन घेतला तेव्हा बाहेरगावी गेलो की मी एसटीडी बूथवरनं तो फिरवायचो, बोटांनाच पाठ झालेला. वायरमननं तो टाकला, पेटी बंद केली आणि गेला. आता गावात मी सांगतो की हा डाव मी आधीपासून आखला होता. तुम्हाला म्हणून खरं सांगितलं.

पुढचा दिवस उजाडला. मी अंगणात बसलेलो. दहाच्या सुमाराला बटणाचा फोन वाजला. नवा नंबर मुलीनं आईला कळवला होता. मी इतक्या घाईनं उचलला की तो हातातून उडून म्हशीच्या पाटीत पडला. तिथूनच कान लावला.

"लाईट आली," बायको म्हणाली.

"व्हय का?"

"मोटरीतल्या बाईचा फोन आला हुता मला."

"काय म्हणली?"

"एक दाबा म्हणली."

"मग?"

"दाबला." आणि फोन ठेवला.

आता विचार करा. शेत शेळगावात, मी शेळगावात, विहीर शेळगावात आणि मोटरीचं बटण वरकुट्यात. लाईट आली का, गेली का, मोटर चालू आहे का, हे मला घरबसल्या बायकोला विचारल्याशिवाय कळायची सोय उरली नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लाईट आली. उसाला सोडताय का मकवानाला?" मी म्हटलं, मकवानाला, म्हशीची वैरण आधी. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काल किती सऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, दाढ कशी हाय.

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरी हाय," ती म्हणाली. "टाका गळून पडला."

"लई दुखलं का?"

"काढताना न्हाय. घरी आल्यावर दुखलं."

त्या दिवशी आम्ही मोटरीबद्दल काहीच बोललो नाही.

पाचव्या दिवशी तिनं फोनच केला नाही. मी वाट बघून रानात गेलो, लाईट नसेल असं धरून हौदाच्या पाइपाखाली तोंड धुवायला वाकलो, पाइपात वाकून बघितलं, आणि त्या क्षणी पाइपातून एवढं पाणी आलं की माझी टोपी वरकुट्याच्या दिशेनं निम्म्या वाटेवर सापडली. ओल्या कपड्यांतच फोन लावला.

"तू न सांगता मोटर चालू केलीस?"

"व्हय."

"मी पाइपाखाली हुतो."

पलीकडून हसायचा आवाज आला. आधी तिचा, मग मागून सासऱ्यांचा, मग मेहुण्याचा. म्हणजे फोन स्पीकरवर होता. किती महिन्यांनी तिला हसताना ऐकलं ते आठवायला गेलो आणि आठवेना.

आठव्या दिवशी लाईट गेल्याचं सांगायला फोन आला, तो लाईट परत येईपर्यंत चालला. ठेवताना ती म्हणाली, "उद्या या न्यायला. आबा बोकड बघायला गेल्यात." आबा म्हणजे माझे सासरे.

मी गेलो. ताटात मटण होतं. सासऱ्यांनी स्वतः वाढलं, माझा खिसा लांबून न्याहाळला. खिशात बटणाचा फोन होता, त्याचा उजेड काजव्याएवढासुद्धा पडत नाही.

"चवथा उपाय लागला न्हाय म्हणायचा," ते म्हणाले.

"न्हाय मामा."

"न्हाय लागला तरी करा. गुडघा दुखतो तिचा."

संध्याकाळच्या आत आम्ही घरी होतो. तिनं पहिलं काम काय केलं, तर पिशवीतून ती काचेची बाटली काढली. तळाशी मूठभर काळं बी होतं. सगळं बी ती कधीच एकदम टाकत नाही, थोडं राखून ठेवते. मला हे तीस वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वाफे पुन्हा बांधले. बी तिनंच टाकलं, मी झारीनं पाणी घातलं, आणि एवढं जपून घातलं की तिनं विचारलं, पाणी घालताय का देवाला तीर्थ देताय.

मी काही साधू झालो नाही. मोठा फोन आता फळीवर असतो. दुपारी जेवणं झाली की आम्ही एका बाजेवर बसून तो अर्धा तास बघतो. तिला गालिचा धुणारा माणूस आवडला आहे. माझा अंगठा तिनं धरलेला असतो, कारण तो मोकळा ठेवला तर मी गालिचा पुरा व्हायच्या आत पुढं जातो. परवा मी तिच्या नकळत फळीकडं हात नेला तर ती नुसती म्हणाली, "मोटर बंद करू का?" तेव्हा मोटरीचा काही संबंध नव्हता, तरी मी हात मागं घेतला. स्टार्टरला नंबर अजून तिचाच आहे. वायरमन दोनदा विचारून गेला, बदलायचा का. मी म्हटलं, राहू दे, ती बाई आणि ही बाई यांचं चांगलं जमलंय.

बी टाकून आठ दिवस झाले होते. सकाळची नऊची वेळ असेल, मी उसाला दारं धरली होती, या खेपेला पाण्याकडं बघत. बटणाचा फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला.

"वाफ्यांकडं या," ती म्हणाली.

मी खोरं तिथंच टाकलं, मग आठवण येऊन माघारी फिरलो, सरीचं तोंड नीट बंद केलं आणि गेलो. ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. मीही बसलो. गुडघे माझेही वाजले, पण तिच्याइतके नाही. काळ्या मातीतून कांद्याची रोपं वर आली होती, हिरव्या दोऱ्याएवढी, मान वाकवून, शेंड्याला अजून बियांची काळी टरफलं अडकलेली. चारही वाफे भरून.

मग मी तो प्रश्न विचारला, जो बारामतीपासून माझ्या मागं होता.

"त्या दिवशी तू सात फोन केलंस. शेवटचा पाण्यासाठी. पयलं सहा कशापायी केलं हुतंस?"

तिनं एका रोपाच्या शेंड्यावरचं टरफल नखानं काढलं.

"रोप उगवलं हुतं," ती म्हणाली. "बघायला या म्हणणार हुते."